घाट, भार आणि कमानपाटा : धडगाव परिसरातील वाहनदुरुस्तीचा इतिहास

धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्यालय असून, दक्षिणेकडील तापीचे सपाट खोरे आणि उत्तरेकडील नर्मदेचा काठ यांच्या मधोमध पसरलेल्या सातपुड्याच्या रांगांत ते वसलेले आहे. शहादा, तळोदा किंवा अक्कलकुवा यांपैकी कोणत्याही बाजूने तेथे जायचे झाले, तरी डोंगर चढल्याशिवाय गत्यंतर नसते. चांदसैली आणि देवगोई या घाटांची नावे पावसाळ्यात दरडी कोसळल्याच्या निमित्ताने दरवर्षी ऐकू येतात, ती याच कारणाने. या भागातील दळणवळणाचा इतिहास सामान्यतः रस्त्यांची बांधणी आणि बसफेऱ्यांची सुरुवात यांच्या आधारे सांगितला जातो. परंतु वाटेवरचा धक्का कोणत्या काळी कोणी सोसला, माणसाच्या खांद्याने, बैलाच्या पाठीने, गाडीच्या लाकडाने की पोलादाच्या कमानीने, आणि सोसणारे अंग मोडल्यावर ते कोणी व कोठे दुरुस्त केले, या प्रश्नांतूनही तोच इतिहास अधिक जवळून दिसू शकतो. वाहनाच्या सस्पेन्शनचा, म्हणजे चाके आणि वाहनाचा सांगाडा यांच्यामध्ये राहून धक्के पचवणाऱ्या रचनेचा, विचार येथे त्या दृष्टीने केला आहे.

मोटार येण्यापूर्वी अक्राणीच्या डोंगरात चाकाला फारसा वाव नव्हता. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या खानदेश खंडात अक्राणीची दखल एक वेगळा डोंगरी मुलूख म्हणून घेतलेली आहे. आणि अशा मुलखात माल जाई तो पाठीवर, डोक्यावर किंवा लदाऊ बैलांवर. भिल्ल आणि पावरा वस्त्यांमध्ये पाणी, धान्य व लाकूडफाटा वाहण्यासाठी जी बांबूची कावड वापरली जाते, तिच्यात स्प्रिंगचे तत्त्व आधीपासूनच आहे, कारण चालताना बांबू लवतो, भार खालीवर होतो आणि खांद्यावर पडणारा प्रत्येक पावलाचा झटका सौम्य होतो. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून रुग्णाला बांबूच्या झोळीतून दवाखान्यापर्यंत आणण्याची पद्धत आजही संपलेली नाही, आणि वृत्तपत्रांनी तिला ‘बांबूलन्स’ असे उपरोधिक नावही दिले आहे. या अर्थाने सातपुड्यातील सर्वांत जुने सस्पेन्शन बांबूचे आहे, आणि ते मोडले तर नवे जवळच्या रानातून तोडून आणता येते.

तापीच्या सपाटीवर परिस्थिती वेगळी होती. तेथे बैलगाडी सर्वत्र होती, पण तिला स्प्रिंग नसे. लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी धाव, चाकांना जोडणारा आस आणि आसावर थेट टेकलेली साटी अशी तिची बांधणी असल्याने रस्त्यावरील प्रत्येक दगड बसणाऱ्याला जाणवे. मात्र गाडीचा वेग बैलाच्या चालीइतकाच असल्यामुळे ते सहन होई, आणि गाडीचा कोणताही भाग सुतार व लोहार या दोघांच्या हाती दुरुस्त होई. घोड्याच्या टांग्याला पोलादी स्प्रिंगा असत, परंतु टांगा हे शहराचे, रेल्वे स्टेशनाचे आणि सपाट सडकेचे वाहन होते. सुरत ते अमळनेर हा तापी व्हॅली रेल्वेचा मार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण होऊन नंदुरबार लोहमार्गावर आले, तेव्हा सपाटीवरील व्यापाराला वेग आला. अक्राणीचा डोंगर मात्र त्या वेगाच्या बाहेरच राहिला.

पोलादी स्प्रिंगेचा इतिहास या घडामोडींच्या किती तरी आधी सुरू झाला होता. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये असे प्रतिपादन केले की स्प्रिंगेवर जितका जोर लावावा, त्या प्रमाणात ती ताणली किंवा दबली जाते. ऑबडाया इलियट या लंडनच्या गाडीकाराने १८०४ मध्ये एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची लंबवर्तुळाकार स्प्रिंग घोडागाड्यांना बसवण्याची पद्धत आणली, आणि तिच्यामुळे गाडीचा जड लाकडी तळ कमी करता आला. पुढे मोटारींनी याच रचनेचा अर्धा भाग उचलला. दोन्ही टोके वर आणि मध्य खाली अशी वाकवलेली, उतरत्या लांबीच्या पट्ट्यांची ही जुडगी गॅरेजात ‘कमानपाटा’ किंवा नुसता ‘पाटा’ म्हणून ओळखली जाते. तिच्यातील सर्वांत लांब पट्टी म्हणजे ‘मेन पाटा’, आणि त्याच्या दोन्ही टोकांना वळवून केलेल्या डोळ्यांत बुश व पिन बसवून तो गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला, जोडलेला असतो.

एक जाड पट्टी न वापरता अनेक पातळ पट्ट्या का वापरायच्या, याचे उत्तर धातूच्या वागणुकीत आहे. पट्टीचा ताठरपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठरपणा आठपट होतो, आणि तितकीच वाकवली असता जाड पट्टीच्या पृष्ठभागावर ताणही अधिक येतो. म्हणून तोच भार अनेक पातळ पट्ट्यांत वाटून दिला, तर स्प्रिंग अधिक लवते आणि तरीही मोडत नाही. शिवाय पट्ट्या एकमेकींवर घासत असल्याने त्या घर्षणातच उसळीचा काही अंश जिरतो. वेटोळ्याच्या स्प्रिंगेत, म्हणजे कॉइल स्प्रिंगेत, असे घर्षण जवळपास नसते. तिच्यासोबत शॉकॲब्सॉर्बर, ज्याला कारागीर ‘शॉकअप’ म्हणतात, अपरिहार्य ठरतो. पाट्याचा आणखी एक गुण असा की तो केवळ भार उचलत नाही, तर आसाला जागच्या जागी धरूनही ठेवतो, त्यामुळे वेगळे दांडे व जोड लागत नाहीत. थोडे भाग, साधी बांधणी आणि उघड्यावर दिसणारी मोडतोड या तीन गोष्टींमुळे पाटा डोंगरी प्रदेशाला मानवला.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत मोटार या भागात दोन रूपांत पोहोचली. पहिले रूप एस. टी. चे होते. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली, आणि पुढे हे जाळे पश्चिम खानदेशापर्यंत, म्हणजे नंतरच्या धुळे जिल्ह्यापर्यंत, पसरले. एस. टी. च्या दुरुस्तीची व्यवस्था मात्र आगार आणि विभागीय कार्यशाळा अशा सरकारी उतरंडीत बांधलेली होती. धडगावला बस येई ती अक्कलकुवा किंवा शहादा यांसारख्या सपाटीवरील आगारांतून, आणि तिचे पाटेही तिकडेच बदलले जात. दुसरे रूप जीपचे होते. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत १९४१ पासून मोठ्या प्रमाणावर तयार झालेली विलिस जीप चारही चाकांवर पाटे असलेली होती, आणि महिंद्रा कंपनीने १९४९ मध्ये मुंबईच्या माझगाव भागात तिची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमाने गटविकास अधिकाऱ्याच्या हाती जीप दिली, त्यामुळे ग्रामीण महाराष्ट्राच्या अनेक भागांत लोकांना जीप आधी सरकारचे वाहन म्हणूनच माहीत झाली.

सरकारी जीप खासगी होण्यास काही दशके जावी लागली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आणि महिंद्राच्या लांब सांगाड्याच्या जीपगाड्या, त्यांतही कमांडर, यांनी एस. टी. जेथे कमी पडत होती तेथील प्रवासी वाहतूक हाती घेतली. परवानाधारक गाड्यांच्या रंगामुळे महाराष्ट्रभर त्यांना ‘काळी-पिवळी’ हे नाव पडले. अक्राणी आणि अक्कलकुव्यात या वाहतुकीला आणखी एक कारण मिळाले. नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ मध्ये निवाडा दिल्यानंतर सरदार सरोवराच्या जलाशयाखाली महाराष्ट्रातील ३३ गावे येणार हे निश्चित झाले. ही सर्व गावे या दोन तालुक्यांतील होती, आणि विस्थापित कुटुंबांपैकी अनेकांना तळोदा व शहादा तालुक्यांतील सोमावल, रेवानगर, रोझवा यांसारख्या वसाहतींत जमिनी देण्यात आल्या. एकाच कुळातील काही घरे डोंगरात आणि काही सपाटीवर अशी विभागणी झाल्यावर लग्न, मृत्यू, होळी व भोंगऱ्याचा बाजार यांसाठी घाटाची ये-जा टाळता येण्यासारखी राहिली नाही.

या ये-जेचा भार पाट्यांवर पडला, आणि तो शब्दशः पडला. आठवडी बाजाराच्या दिवशी आसनसंख्येच्या दुपटीहून अधिक माणसे, टपावर आमचूर, भगर किंवा खताची पोती आणि मागच्या पायरीवर लोंबकळणारी पोरे, असे जीपचे चित्र सातपुड्यात अनेक वर्षे नित्याचे होते. मूळ पाटे एवढ्या भाराखाली सपाट होत, गाडी मागून बसे आणि खड्ड्यात आस चासीवर आदळे. यावर जो उपाय सर्वत्र रूढ झाला, तो म्हणजे जुडगीत एखाददुसरा ‘जादा पाटा’ घालणे. त्यामुळे गाडी उचलली जाई, हे खरे. परंतु स्प्रिंग ताठ केल्याने गाडीची मूळ क्षमता वाढत नाही, तर पूर्वी पाट्याने गिळलेला धक्का आता आस, टायर, ब्रेक आणि चासी यांच्याकडे जातो, आणि रिकामी गाडी घाटात उसळू लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वाहनाच्या रचनेतील बदलांवर कलम ५२ अन्वये, तर वजनाच्या मर्यादेवर कलम ११३ अन्वये बंधने घातली. तथापि डोंगरातील वाहतूकदारासमोर एका बाजूला कायदा आणि दुसऱ्या बाजूला दिवसातून मोजक्याच फेऱ्यांची संधी असल्याने जादा पाट्याची प्रथा कायद्याच्या अस्तित्वाने थांबली नाही.

वाहन असे राबले की पाटा तुटणे हे अपघात न राहता हंगामी काम बनते, आणि येथेच अंगणातील दुरुस्तीची परंपरा आकार घेते. अधिकृत सेवा केंद्र घाट उतरून कित्येक तासांवर असेल आणि पाटा तुटलेली गाडी घाट उतरवणे हेच धोक्याचे असेल, तर गाडी उभी आहे तेथेच ती उघडावी लागते. पाटा बदलण्याची रीत ठरलेली आहे. ज्या बाजूचे काम करायचे तिच्या विरुद्ध चाकांना दगड लावून गाडी अडवली जाते. जॅकने चासी उचलून तिच्याखाली लाकडी ठोकळा किंवा लोखंडी घोडी ठेवली जाते, आणि आस स्वतंत्रपणे पेलला जातो, म्हणजे पाट्यावरचा ताण उतरतो. त्यानंतर आसाला जुडगीशी आवळून धरणारे दोन यू-बोल्ट सोडले जातात. पाट्याचे एक टोक चासीला स्थिर पिनेने आणि दुसरे ‘शॅकल’ या झुलत्या कडीने जोडलेले असते, कारण भार आल्यावर कमान सपाट होताना पाट्याची लांबी वाढते आणि त्या टोकाला सरकायला जागा लागते. या दोन्ही पिना काढल्यावर जुडगी खाली येते. मधला सेंटर बोल्ट उघडला की पट्ट्या सुट्या होतात, तुटलेली निवडून तिच्या जागी त्याच मापाची बसवली जाते, ग्रीस लावले जाते आणि सारे उलट क्रमाने जोडले जाते.

या कामातील बारकावे पुस्तकांपेक्षा अनुभवातून पुढे गेले आहेत, पण त्यामागील कारणे शास्त्राला धरून आहेत. पाटा बहुधा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो, कारण वाकण्याचा जोर मध्याजवळ सर्वाधिक असतो आणि भोकामुळे तेथील पोलाद कमी झालेले असते. यू-बोल्ट ढिले राहिले तर हा भाग मोकळा वाकतो आणि लवकर तडकतो. म्हणून जाणता कारागीर गाडी जमिनीवर टेकवून, पाट्यावर भार असतानाच यू-बोल्ट शेवटचे आवळतो आणि काही दिवस गाडी चालल्यावर पुन्हा आवळण्यास सांगतो. एका बाजूचा पाटा नवा आणि दुसऱ्या बाजूचा थकलेला असेल, तर गाडी कलते व वळणावर एका अंगाला ओढते, यासाठी दोन्ही बाजू जोडीने पाहण्याचा प्रघात आहे. बसलेल्या पाट्याला ऐरणीवर ठोकून पुन्हा कमान चढवण्याचे कामही केले जाते. मात्र अशी चढवलेली कमान नव्याइतकी टिकत नाही. गॅसच्या ज्योतीने पाटा एका जागी तापवून वाकवणे तर अधिकच घातक ठरते, कारण पाट्याचे सिलिकॉन-मँगनीजयुक्त पोलाद कारखान्यात तापवून, तेलात विझवून आणि पुन्हा ठरावीक उष्णतेवर नरमवून तयार केलेले असते, आणि स्थानिक उष्णतेने त्या जागेचा तो संस्कार नाहीसा होतो.

पाट्याचा इतिहास गाडीपाशी संपत नाही. थकलेल्या पाट्याचे पोलाद भंगारात जाण्याऐवजी लोहाराच्या भात्याकडे वळते, कारण ते कार्बनयुक्त, चिवट आणि धार धरणारे असते. विळा, कोयता, कुऱ्हाड, धाऱ्या यांसाठी ‘गाडीचा पाटा’ हा महाराष्ट्रभर पसंतीचा कच्चा माल मानला जातो; गाडीलोहार आणि घिसाडी या भटक्या लोहारसमाजांनीही तो मोठ्या प्रमाणावर वापरला. पाटा लाल तापवून घणाखाली आकारास आणायचा आणि शेवटी धारेला पाणी द्यायचे, ही प्रक्रिया कारखान्यातील संस्काराचेच छोटे रूप आहे. त्यामुळे सातपुड्यात मोटारीचे पोलाद आणि शेतीचे हत्यार यांची कुळे एकत्र आली. ज्या हातांना पोलाद तापवण्याची व विझवण्याची जाण होती, तेच हात मोटारीच्या कमानीलाही भिडू शकले, आणि पाट्याची दुरुस्ती येथे परकी विद्या राहिली नाही.

कॉइल स्प्रिंगेने ही घडी बदलली. वेटोळ्याच्या स्प्रिंगेची कल्पना जुनीच आहे; ब्रिटनमध्ये १७६३ मध्ये तिचे पेटंट घेतले गेले होते. मोटारींत मात्र ती प्रामुख्याने १९३० च्या दशकात, पुढील चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे हलवू देणाऱ्या सस्पेन्शनबरोबर रुळली, आणि अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने स्प्रिंग व शॉकअप एकाच खांबात बसवण्याची जी रचना केली, ती पुढे जगभरच्या लहान मोटारींत सर्वमान्य झाली. भारतात मुंबईच्या प्रीमियर कंपनीच्या फियाटमध्ये पुढे कॉइल आणि मागे पाटे अशी मिश्र रचना होती. २००० मध्ये आलेल्या बोलेरोनेही पुढे कॉइल, मागे पाटा हाच समेट साधला. घाटाच्या गावांत आता स्वतःची मोटार बाळगणारे शिक्षक, कर्मचारी व व्यापारी आहेत, आणि त्यांच्या गाड्यांतून कॉइल स्प्रिंग अंगणापर्यंत पोहोचली आहे.

घरी बदलण्याच्या दृष्टीने या दोन स्प्रिंगांत मूलभूत फरक आहे. पाट्यावरील भार आस पेलला की उतरतो. मॅकफर्सन रचनेतील कॉइल मात्र चाक हवेत लोंबत असतानाही दोन बैठकांच्या मध्ये दाबलेलीच असते. वरचे नट सरळ सोडले, तर साठवलेली सारी शक्ती एका क्षणात मोकळी होते आणि स्प्रिंग किंवा तिची बैठक कारागिराच्या अंगावर उडते. त्यामुळे स्प्रिंग-कॉम्प्रेसर हे आकड्यांचे साधन समोरासमोरच्या दोन बाजूंना लावून, दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्याथोड्या आवळत स्प्रिंग आधी दाबून घ्यावी लागते. येथेही स्प्रिंगा आसाच्या दोन्ही बाजूंना जोडीने बदलाव्या लागतात आणि नंतर चाकांची दिशा, म्हणजे अलाइनमेंट, तपासावी लागते. तुटलेल्या कॉइलमधून एखादे वेटोळे काढून दुसरे घालता येत नाही, तिला ऐरणीवर पुन्हा कमान चढवता येत नाही आणि ठरलेला सुटा भाग बाहेरून मागवावाच लागतो. पाट्याने दुरुस्ती अंगणात ठेवली होती. कॉइलने अंगणात केवळ बदली उरवली आणि दुरुस्तीचा अधिकार कारखान्याकडे नेला.

म्हणूनच अक्राणीत माल आणि माणसे वाहणाऱ्या पिकअप व जीपगाड्यांच्या मागच्या आसावर पाटा टिकून आहे, हे मागासलेपणाचे लक्षण मानणे चुकीचे ठरेल. अतिभार, दगडी रस्ता आणि दूरचे सेवा केंद्र या तिहेरी परिस्थितीला दिलेले ते विचारपूर्वक उत्तर आहे, आणि ते उत्तर मोटार बनवणाऱ्यांइतकेच ती अंगणात उघडणाऱ्यांनीही घडवले. तरीही या कौशल्याचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड होता कामा नये : पाटे वारंवार तुटतात ते रस्ते व फेऱ्या अपुऱ्या असल्यामुळे, आणि जादा पाटा हा त्या उणिवेचा खर्च सार्वजनिक खात्यातून उचलून वाहनमालकाच्या व प्रवाशाच्या माथी मारतो. धुळे जिल्ह्याचे सुधारित गॅझेटियर १९७४ मध्ये निघाले आणि नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. या जिल्ह्याचा इतिहास पुढे जेव्हा लिहिला जाईल, तेव्हा त्यात घाटांच्या लांबीबरोबर घाटावरच्या कारागिरांचे हे ज्ञानही नोंदवले गेले पाहिजे, कारण ते ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते अजून कोठेही लिहून ठेवलेले नाही.